तारेपासून अडीच मिलिमीटर

आपल्या घरात येणारी वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. चार तारांच्या बेस गिटारवरची सगळ्यांत बारीक तार, म्हणजे ‘जी’ची, मोकळी छेडली तर सेकंदाला ९८ वेळा थरथरते. विजेची घरघर कधी एकट्या ५० हर्ट्‌झची नसते. तिच्यासोबत तिची दुप्पट, १०० हर्ट्‌झ, हटकून येते. ९८ आणि १०० शेजारी शेजारी वाजले की दोन्ही मिळून एक सावकाश लाट उठते, सेकंदाला दोनदा फुगणारी आणि ओसरणारी. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा केसभर चुकल्या की जशी लाट ऐकू येते, तशीच. अमेरिकेत वीज ६० हर्ट्‌झची. तिची घरघर ‘ए शार्प’ आणि ‘बी’ यांच्या मधोमध पडते, कुठल्याच मोकळ्या तारेच्या वाटेला जात नाही. इलेक्ट्रिक बेस तिथे वाढला आणि त्याच्याविषयीचे बहुतेक सल्लेही तिथूनच येतात, त्यामुळे ही गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. पण पुण्यात, कोल्हापुरात, मडगावात सिंगल कॉइलचा (म्हणजे तारांखालच्या, त्यांची थरथर पकडणाऱ्या पिकअपमध्ये वेढ्यांची एकच गुंडाळी असलेला) बेस वाजवणाऱ्याला घरघर नुसती मागे ऐकू येत नाही. ती त्याच्या सुरात शिरते.

पिकअप बदलावासा वाटण्याचं हे एक खरं कारण. आणखी दोन-तीन कारणं खरी असतात: आतली कॉइल तुटलेली आहे, एखाद्या तारेचा आवाज उंची कमी-जास्त करूनही दबलेलाच राहतो, किंवा स्वस्त पिकअपचे वेढे सैल असल्यामुळे आवाज वाढवला की तो शिट्टी मारू लागतो. बाकी बहुतेक वेळा दोष दुसऱ्याच कशाचा असतो आणि खापर पिकअपवर फुटतं.

‘आवाज मेलाय’ ही सगळ्यांत जास्त ऐकू येणारी तक्रार. आधी तारा बदलून बघा. आपल्या दमट हवेत, घामट बोटांखाली राउंडवाउंड (गोल तारेने वेढलेल्या) तारांची चमक काही आठवड्यांत जाते आणि ती कुठलाही पिकअप परत आणू शकत नाही. उलट बाजूने बघायचं तर मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांतला जेम्स जेमरसनचा बेस आठवा. १९६२ चा, फेंडर कंपनीचा प्रिसिजन, त्यावर जाड फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीने वेढलेल्या) तारा, ज्या तो जवळपास कधीच बदलत नसे, ब्रिजच्या (तारा बेसच्या अंगावर टेकतात त्या पट्टीच्या) झाकणाखाली फोमचा तुकडा आणि उजव्या हाताचं एकच बोट. तो गोल, दबदार आवाज या सगळ्याचा मिळून आहे. तो एका पिकअपच्या खोक्यात मिळेल अशी आशा करणं चुकीचं. तारांनंतर केबल बदलून बघा, ॲक्टिव्ह (बॅटरीवर चालणारा) बेस असेल तर नवी बॅटरी घाला, टोनचा पॉट (बटणाखालचा बदलता विरोध) पूर्ण उघडा आहे ना ते बघा, आणि पिकअपची उंची मोजा. एवढं करूनही तक्रार उरली तर पिकअपकडे वळायला हरकत नाही.

पिकअप करतो काय, ते दहावीच्या विज्ञानात शिकवलेलं असतं. १८३१ मध्ये फॅरेडेने दाखवलेलं विद्युतचुंबकीय प्रवर्तनच इथे काम करतं. चुंबकाभोवती तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, वर पोलादी तार. पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज उमटते. वेढ्यांची तार साधारण ०.०६३ मिलिमीटर जाड, म्हणजे डोक्याच्या केसाच्या आसपास. एवढ्या नाजूक वस्तूशी आपलं काम आहे, हे स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी मनावर ठसलेलं बरं.

दुसरी गोष्ट ठसवून घ्यायची ती जागेची. तार सगळीकडे सारखी हलत नाही आणि पिकअपला फक्त त्याच्या वरचा तेवढा तुकडा ऐकू येतो. नेककडे म्हणजे मानेकडे जाड, भरदार; ब्रिजकडे टणक, अनुनासिक. १९६० मध्ये आलेल्या, फेंडरच्याच जॅझ बेसचा ब्रिजकडचा पिकअप सत्तरच्या दशकात सुमारे एक सेंटिमीटर ब्रिजकडे सरकवला गेला. ८६४ मिलिमीटरच्या तारेवर एक सेंटिमीटर म्हणजे किती! तरीही साठच्या आणि सत्तरच्या दशकातले जॅझ बेस कानाने वेगळे ओळखता येतात. म्हणून प्रिसिजनच्या खाचेत कितीही महागडा पिकअप बसवला तरी त्यातून जॅझ बेसचा ब्रिजकडचा आवाज निघणार नाही. खाच जिथे आहे तिथे आहे. नवा पिकअप त्याच जागेवरून थोडं वेगळ्या पद्धतीने ऐकेल, इतकीच अपेक्षा ठेवावी. ती अपेक्षा पूर्ण होते आणि तीही कमी नसते.

खरेदीच्या वेळी सगळ्यांत जास्त पैसे मापात चुकल्याने वाया जातात. जॅझ बेसचे दोन पिकअप दिसायला सारखे असले तरी पारंपरिक जोडीत नेककडचा साधारण ९१ आणि ब्रिजकडचा ९४ मिलिमीटर लांब असतो, कारण ब्रिजकडे तारा एकमेकींपासून जास्त लांब असतात. काही बेसमध्ये मात्र दोन्ही एकाच मापाचे बसवलेले असतात. म्हणून झाकणाची लांबी स्वतः मोजल्याशिवाय मागवू नका. चौकोनी वडीसारख्या सोपबार पिकअपांतही मापं निरनिराळी: ईएमजी कंपनीच्या ३५, ४० आणि ४५ या आकड्यांचा अर्थ ३.५, ४ आणि ४.५ इंच लांबी, रुंदी तिन्हींची दीड इंच. पाच तारांच्या बेसवर दोन टोकांच्या तारांमधलं अंतर पिकअपच्या जागेवर मोजा आणि नव्याच्या चुंबकांच्या रांगेशी ताडून बघा. कडेची तार चुंबकाच्या बाहेर गेली की तिचा आवाज कायम दबका येतो.

पाकिटावर किलोओमचा आकडा ठळक छापलेला असतो आणि बरेच जण तो पिकअपची ताकद समजून वाचतात. प्रिसिजनचा साधारण १० ते ११, जॅझचा एकेक ७ ते ८. हा आकडा फक्त तांब्याच्या तारेचा विरोध सांगतो. बारीक तार वापरली तरी तो वाढतो आणि उन्हाळ्यातही वाढतो. तांब्याचा विरोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के चढतो. २० अंशांना १० किलोओम दाखवणारा पिकअप नागपूरच्या ४५ अंशांच्या दुपारी मोजला तर ११ च्या जवळ जाईल. पिकअप तोच, आवाजही तोच. हा आकडा एकाच कामाचा: कॉइल धड आहे की तुटलेली, हे ओळखण्याच्या. तुटलेली असेल तर मल्टिमीटर काहीच दाखवणार नाही.

चुंबकाचा प्रकार आणि आकार मात्र खरोखर ऐकू येतो. स्वस्त बेसमध्ये बहुधा पोलादी खुंट्या आणि खाली फेराइटची म्हणजे सिरॅमिक चुंबकाची पट्टी असते. आवाज कडक, टोकदार. पारंपरिक पिकअपमध्ये खुंट्या स्वतःच अल्निकोच्या, म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट घातलेल्या लोखंडाच्या. त्या सहसा पावणेपाच मिलिमीटर जाड असतात. सेमूर डंकन कंपनीच्या क्वार्टर पाउंड पिकअपमध्ये त्या पाव इंच, म्हणजे सहा मिलिमीटरहून जाड. मध्यपट्टी भरते, आवाज आडदांड होतो. रॉकला हे आवडेल. भावगीताच्या साथीला मला तरी साधा अल्निकोच योग्य वाटतो, कारण तो गायकाच्या आवाजाला जागा सोडतो.

यापुढचं सगळं एका ठरावीक बेसविषयी सांगतो: प्रिसिजन पद्धतीचा, पॅसिव्ह (बिनबॅटरीचा), एक व्हॉल्यूम आणि एक टोन. जॅझचं वेगळेपण जिथे येतं तिथे सांगेन.

तारा पूर्ण काढायची गरज नसते. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, मग तारा सैल करा. पेगवरचे वेढे सुटत नाहीत आणि त्याच तारा परत चढवता येतात. एकदा कापून बसवलेली बेसची तार काढून पुन्हा गुंडाळली तर वळलेल्या जागी तुटण्याची भीती असते. चारही तारांचा मिळून ताण ७५ किलोच्या आसपास असतो, म्हणून एकीकडून एकदम न सोडता सगळ्या थोड्या थोड्या उतरवा. मग पिकगार्डचे स्क्रू, बहुतेक प्रिसिजनवर १३. ते काढले त्याच क्रमाने थर्मोकोलच्या तुकड्यात टोचून ठेवा, चटकन सापडतात. पिकअपजवळ स्क्रूड्रायव्हर नेताना सांभाळा. चुंबक त्याचं टोक झटकन ओढून घेतो आणि ते कॉइलच्या कडेवर घासलं तर केसाएवढी तार तुटायला तेवढं पुरतं. चुंबकाच्या खुंट्या बोटाने खाली ढकलून उंची जुळवण्याचा मोह तर कटाक्षाने टाळा. जुन्या पद्धतीच्या पिकअपमध्ये तार थेट या खुंट्यांवरच गुंडाळलेली असते. खुंटी सरकली की सगळ्यांत आतला वेढा तुटतो, आणि तो बाहेरून दुरुस्त होत नाही.

जुनी जोडणी तोडण्याआधी तिचे दोन-तीन फोटो काढा आणि वहीत हाताने आकृतीही काढा. फोटोत एका वायरमागे दुसरी लपते. आकृती काढताना डोळ्यांना ती शोधावीच लागते. जुन्या पिकअपचा विरोध मोजून लिहून ठेवा. त्याच्या वायरी कापू नका, सोल्डर वितळवून सोडवा. पुढे-मागे तो परत बसवावासा वाटला, किंवा बेस विकताना मूळ पिकअप कुणी मागितला, तर पूर्ण लांबीची वायर उपयोगी पडते.

सोल्डरिंगमध्ये नवखा माणूस उष्णतेला भितो आणि त्या भीतीपोटीच पॉट जाळतो. घराघरांत असणारी २५ वॅटची आयर्न पॉटच्या पायांसाठी ठीक आहे. पण पॉटची पाठ म्हणजे धातूचा चांगला मोठा पत्रा. तो उष्णता शोषत राहतो, सोल्डर वितळत नाही, माणूस आयर्न अर्धा मिनिट धरून बसतो आणि तोवर आतली कार्बनची पट्टी भाजून निघते. त्या कामाला ४० ते ६० वॅटची, चपट्या टोकाची आयर्न हवी. तापमान ठरवता येत असेल तर ३५० ते ३८० अंश. पॉटची पाठ आधी सँडपेपरने घासून चकचकीत करा, टोकाला थोडं ताजं सोल्डर लावा, टोक पाठीवर सपाट टेकवा आणि सोल्डर आयर्नला न लावता पत्र्याला लावा. चार-पाच सेकंदांत ते पाण्यासारखं पसरलं पाहिजे. पसरलं नाही तर आयर्न उचला, निवू द्या, पुन्हा करा. सोल्डर ६०/४० चं, आत रोझिन असलेलं, ०.८ ते १ मिलिमीटर. पत्रेकामाचा ॲसिड फ्लक्स इथे चालत नाही. तो नंतर वायर खात राहतो. सोल्डर थिजेपर्यंत वायर हलली तर डाग राखाडी, रवाळ दिसतो. असा सांधा आज वाजतो आणि महिन्याभराने, बहुधा कार्यक्रमात, बोलेनासा होतो. दिसला की लगेच पुन्हा तापवा.

सोबत पॉट बदलायचे असतील तर २५०के, म्हणजे २५० किलोओमचे. सुट्या भागांसाठी मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तापकीर गल्ली; तिथे २२०के मिळाला तरी बिनधास्त घ्या, कारण पॉटच्या छापील आकड्यात इतका फरक तसाही निघतो. चांगल्या अमेरिकन पॉटच्या गळ्याला ९.५ मिलिमीटरचं भोक लागतं. आशियात बनलेल्या बेसवर ते त्याहून लहान असतं, म्हणजे रीमरने वाढवावं लागेल. टोनचा कपॅसिटर ०.०४७ मायक्रोफॅरडचा, अंगावर ४७३ लिहिलेला. कागद-तेलाच्या जुन्या कपॅसिटरवर हजारो रुपये घालणारे लोक आहेत. काही रुपयांचा पॉलिएस्टरचा कपॅसिटर या जागी तेच काम करतो, आणि वाचलेले पैसे चांगल्या तारांवर घालावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

आता जोडणी, आणि प्रिसिजनमधली सगळ्यांत फसवी चूक. १९५१ मध्ये लिओ फेंडरने आणलेल्या पहिल्या प्रिसिजनवर साधी सिंगल कॉइल होती. १९५७ मध्ये ती दुभंगली: ‘ई’ आणि ‘ए’ तारांखाली एक अर्धा, नेककडे सरकलेला, ‘डी’ आणि ‘जी’खाली दुसरा, ब्रिजकडे. दुसऱ्या अर्ध्याचे चुंबक उलटे आणि कॉइलही उलटी. दोन्ही अर्धे एकामागे एक जोडलेले. बाहेरची घरघर दोन्ही कॉइलमध्ये सारखीच शिरते, पण एक उलटी असल्याने एकीची अधिक ती दुसरीची उणे होते आणि घरघर मिटते. तारेचा आवाज मात्र चुंबकही उलटा असल्याने दोनदा उलटून सरळ येतो. रेडिओ दुरुस्त करत या धंद्यात आलेल्या माणसाने किती थोड्या सामानात हे साधलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

दोन अर्ध्यांना जोडणारी मधली वायर चुकीच्या टोकांना लागली तर काय होतं? आवाजात काहीही फरक पडत नाही. प्रत्येक तार एकाच अर्ध्यावर आहे, त्यामुळे एका अर्ध्याचा आवाज दुसऱ्याला कापत नाही. जोर तोच, खर्ज तोच, मल्टिमीटरवर विरोधही बरोबर तोच. फक्त घरघर मिटण्याऐवजी दुप्पट होते. मग लोक पिकअप ‘खराब’ म्हणून परत पाठवतात. तयार जोडून आलेल्या पिकअपमध्ये ही चूक सहसा नसते, पण दोन अर्धे सुटे आले किंवा मधली वायर लांब करायला कापली, तर ती हमखास होते.

ओळखण्याची युक्ती सोपी. बाहेरच्या दोन वायरींना मल्टिमीटर ओमवर लावा. स्क्रूड्रायव्हरचं पोलादी पातं ‘ई’कडच्या चुंबकावर हलकेच टेकवा आणि झटकन वर उचला; आकडा क्षणभर वर किंवा खाली उडेल. तेच ‘जी’कडच्या अर्ध्यावर करा. दोन्हीकडे आकडा एकाच दिशेला उडाला तर जोडणी बरोबर. उलट दिशांना उडाला तर एका अर्ध्याच्या दोन वायरींची अदलाबदल करा. हे पिकगार्ड मिटण्याआधी करायचं.

जॅझच्या दोन पिकअपांनाही हीच परीक्षा लावा, पण तिथे चुकीचा परिणाम वेगळा. तिथे एकच तार दोन्ही पिकअपांवरून जाते. एक उलटा लागला की दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडल्यावर खर्ज गळून पडतो आणि आवाज टेलिफोनमधून आल्यासारखा किरटा होतो. एकेकटा पिकअप वाजवला तर दोन्ही उत्तम. असं झालं तर एकाच पिकअपच्या दोन वायरी उलटवायच्या. वेगवेगळ्या कंपन्यांचे दोन पिकअप एकत्र बसवताना ही वेळ येतेच. घरघर मिटवण्यासाठी त्यांतला एक चुंबकाने आणि वेढ्यांनी दुसऱ्याच्या उलट असावा लागतो, आणि दोन कंपन्या एकमेकींना विचारून पिकअप बनवत नाहीत. जॅझची घरघर दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण असतानाच मिटते, हेही लक्षात असू द्या. एक जरा खाली केला की ती परत येते. यात जोडणीचा दोष नाही.

व्हॉल्यूमच्या पॉटवरही दोन्ही बेसचं गणित वेगळं. प्रिसिजनमध्ये पिकअपची गरम (आवाज वाहून नेणारी) वायर कडेच्या पायाला आणि आवाज मधल्या पायातून बाहेर. जॅझमध्ये उलट: पिकअप मधल्या पायाला, बाहेर जाणारी वायर कडेला. जॅझवर प्रिसिजनची पद्धत वापरली तर एक व्हॉल्यूम शून्यावर नेताच दोन्ही पिकअप गप्प होतात.

वायरींच्या रंगांवर विश्वास ठेवू नका. चार वायरींच्या हमबकरमध्ये, म्हणजे दुहेरी कॉइलच्या पिकअपमध्ये, सेमूर डंकनची गरम वायर काळी असते आणि डिमार्झिओची लाल. डिमार्झिओची काळी वायर मधल्या जोडासाठी असते. पिकअपसोबत आलेला कागद वाचा. ईएमजीसारख्या ॲक्टिव्ह पिकअपांचं तर सगळंच निराळं. त्यांना ९ व्होल्टची बॅटरी, २५के चे पॉट आणि प्लग घातल्यावर बॅटरी चालू करणारा स्टीरिओ जॅक लागतो. जुन्या २५०के पॉटवर ते लावले तर व्हॉल्यूम दिव्याच्या बटणासारखा वागतो, थोडा फिरवला की एकदम बंद.

अर्थिंगकडे येऊ, कारण आपल्याकडे हा भाग नुसत्या आवाजाचा नाही. ब्रिजखालून एक वायर पॉटच्या पाठीवर येते. ती शाबूत आहे का, हे मल्टिमीटरने ब्रिज आणि जॅकच्या बाहेरच्या भागात तपासा. एक-दोन ओमच्या आत विरोध हवा. सगळं जोडल्यावर तारांना हात लावला की चरचर कमी झाली पाहिजे. हात लावल्यावर ती वाढली तर जॅकवर दोन वायरींची उलटापालट झाली आहे.

या वायरीमुळे वाजवणारा ॲम्पच्या अर्थला जोडलेला असतो. ॲम्पचं अर्थिंग धड असेल तर उत्तम. पण गणपतीच्या मांडवात, जत्रेच्या स्टेजवर तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन काढून टाकलेली किंवा लांबच लांब एक्स्टेंशनमध्ये अर्थच नसलेली जोडणी नवीन नाही. तिथे एका हातात बेसच्या तारा आणि ओठ मायक्रोफोनला, अशी अवस्था जिवावर बेतू शकते. १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्सी इथे स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वी स्टेजवर माइकच्या झटक्याने गेला. म्हणून वाजवण्याआधी टेस्टर माइकच्या जाळीला आणि बेसच्या ब्रिजला लावून बघा. दिवा लुकलुकला तर इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि तोवर बेस खांद्याला लावू नका. ब्रिजची वायर तोडून टाकणं हा यावरचा उपाय नव्हे. दोष मांडवाच्या वायरिंगमध्ये आहे आणि तिथेच तो काढायचा.

घरघर आणि चरचर यांत लोक नेहमी गल्लत करतात. घरघर म्हणजे जाडसर, एकसंध सूर. ती ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून कॉइलमध्ये शिरते आणि दुभंगलेल्या किंवा दुहेरी कॉइलनेच जाते. चरचर म्हणजे झिणझिणती, बारीक. डिमर, एलईडीच्या भिंती, चार्जर यांतून ती बेसच्या पोकळीतल्या उघड्या वायरींवर बसते आणि तांब्याच्या पट्टीचं अस्तर तिला अडवतं. तांब्याच्या अस्तराने घरघर जात नाही. हे माहीत नसल्याने लोक अख्खा दिवस पट्ट्या चिकटवण्यात घालवतात आणि निराश होतात. अस्तर करायचंच तर पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवा, सांध्यांवर सोल्डरचे ठिपके द्या आणि एका वायरीने सगळं अर्थला जोडा. जिथे जॅकचा किंवा पॉटचा गरम पाय तांब्याला टेकू शकेल तिथे इन्सुलेशन टेप लावा. पिकअपच्या तळालाही लावा, कारण तिथले सोल्डरचे टोक तांब्याला टेकले की बेस मुका होतो आणि कारण लवकर सापडत नाही.

मिटण्याआधी शेवटची मोजणी. केबल बेसमध्ये लावा, व्हॉल्यूम पूर्ण उघडा आणि केबलच्या दुसऱ्या टोकावर विरोध मोजा. साडेदहा किलोओमचा पिकअप २५०के च्या पॉटसोबत साधारण १०.१ दाखवेल. जॅझमध्ये साडेसातचे दोन पिकअप मिळून ३.६ च्या आसपास. प्रिसिजनवर निम्माच आकडा आला तर एक अर्धा कुठेतरी शॉर्ट आहे. काहीच आलं नाही तर कॉइल किंवा सांधा तुटलेला आहे.

पिकअपखालचा फोम जुना, भुगा झालेला असेल तर बदला. तो पिकअपला वर रेटून धरतो. तो मेला की स्क्रू कितीही सैल करा, पिकअप वर येत नाही. लाकडातलं स्क्रूचं भोक सैल झालं असेल तर टूथपिकचा तुकडा फेव्हिकॉलमध्ये बुडवून आत बसवा, रात्रभर सुकू द्या. नवा स्क्रू मेणबत्तीवर घासून घातला तर लाकूड चिरत नाही.

आणि मग उंची. कित्येक जण नवा पिकअप बसवतात, जुन्याच्याच उंचीवर ठेवतात आणि आवडला-नावडला ठरवून मोकळे होतात. तारा सुरात आणा, शेवटच्या फ्रेटवर तार दाबा आणि चुंबकाच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. जाड तारेकडे २.८ मिलिमीटर, बारीक तारेकडे २. इथून सुरुवात करा. जाड खुंट्यांचा, जोरदार चुंबकाचा पिकअप असेल तर दोन्हीकडे अर्धा मिलिमीटर अजून खाली. जवळ आणलं की आवाज वाढतो आणि तो वाढलेला आवाज कानाला सुधारणेसारखा वाटतो. म्हणून तुलना करताना ॲम्पचा आवाज प्रत्येक वेळी पुन्हा जुळवून घ्या, नाहीतर तुम्ही फक्त मोठ्या आवाजाला पसंती देत राहाल.

फार जवळ गेलेला चुंबक तारेला खाली ओढतो. ‘ई’ची तार बाराव्या फ्रेटच्या वर दाबून सूर लांबवा. सूर डळमळला, त्यात दोन स्वर एकमेकांशी भांडल्यासारखी लाट आली, तर ती लाट चुंबकाची आहे. विजेच्या घरघरीची लाट ‘जी’वर येते आणि तार हाताने दाबून गप्प केल्यावरही मागची घरघर चालूच राहते. चुंबकाची लाट जाड तारेवर, वरच्या फ्रेटवर येते आणि तारेसोबतच थांबते. तशी ती ऐकू आली तर जाड बाजूचा स्क्रू पाव फेरा फिरवून पिकअप खाली घ्या, तार पुन्हा सुरात आणा आणि तोच सूर परत लांबवा.